पाच भोकांची तोटी

मी बिअर पिते. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण आमच्या घरातल्या यंत्राची गोष्ट ऐकली की लोक माझ्या नवऱ्याकडे बघून मान हलवतात, आणि तो बिचारा चहाशिवाय कशालाही तोंड लावत नाही. होळीला भांगसुद्धा नाही. त्याला व्यसन आहे ते वेगळंच.

आम्ही चंद्रपूरला तुकूममध्ये राहतो. मी पोस्टात काउंटरवर होते, नवरा वीज केंद्रात व्हॉल्व्ह सांभाळायचा. वाफेचे, पाण्याचे, तेलाचे, माणसाच्या करंगळीएवढे आणि माणसापेक्षा मोठे. काही बायकांना सवती असतात, मला व्हॉल्व्ह होते. लग्नानंतर त्याने मला फिरायला म्हणून इरई धरणावर नेलं आणि दरवाजे कसे उघडतात ते दुपारभर समजावून सांगितलं. मी नवी साडी नेसून उन्हात उभी होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आमची मुलगी डब्लिनला असते. तिचं बाळंतपण करायला आम्ही दोघंही गेलो होतो. तिथली थंडी, ओला रस्ता, दुपारीच संध्याकाळ. एक दिवस जावई म्हणाला, चला, आई-बाबांना जरा बाहेर काढू. कोपऱ्यावर एक बारीकसं पब होतं, आत लाकडी बाकं, आणि बाकांवर लेकरंबाळं घेऊन बसलेली माणसं. आपल्याकडे लोक जसे मंदिराच्या ओट्यावर बसतात तशी. नवऱ्याने चहा मागवला. माझ्यापुढे जावयाने काळ्या बिअरचा उंच गिलास ठेवला, स्टाउट म्हणतात तिला.

मी त्या गिलासाकडे बघतच राहिले. आतमध्ये बदामी ढग वरून खाली उतरत होते. बुडबुडे वर जातात असं मी आयुष्यभर मानत आले होते, इथे ते खाली चालले होते. मग हळूहळू सगळं काळं झालं आणि वर सायीसारखा जाड फेस उरला. प्याले, तर कडवट, मऊ, जराशी जळक्या भाकरीची चव. ढेकर नाही, नाकात झिणझिण्या नाहीत. मी दुसरा मागवला तेव्हा मुलीने डोळे मोठे केले. मी म्हटलं, "बाळंतीण तू आहेस, मी नाही."

नवरा जागेवर नव्हता. तो काउंटरपाशी वाकून, मान तिरपी करून, त्या तोटीच्या तोंडात खालून बघत होता. हातात चहाचा कप तसाच. पबवाल्याला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. मग त्यांचं काहीतरी बोलणं झालं. पबवाल्याला आमचं इंग्रजी कळत नव्हतं, आम्हाला त्याचं, पण त्याने खणातून एक जास्तीची तोटी काढून नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने ती खोलली. त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही. नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाही असा झाला नव्हता. नात भोकाड पसरून रडत होती आणि तोटी गप्प होती, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

परतीच्या विमानात त्याने मला सगळं समजावलं. साध्या बिअरच्या तोटीतून बिअर सरळ खाली पडते. या स्टाउटच्या तोटीला लांब, निमुळतं तोंड असतं आणि आत एक चकती बसवलेली असते. चकतीला पाच बारीक भोकं. बिअरमध्ये नायट्रोजन मिसळलेला असतो, दाब जास्त असतो, आणि ती त्या भोकांतून रेटली गेली की गॅस सुटून तो ढग तयार होतो. "म्हणजे सगळा खेळ चकतीचा होय," तो म्हणाला. मी कानात कापूस घालून झोपले.

चंद्रपुरात आलो तर उन्हाळा. जिल्ह्यातली दारूबंदी उठून काही वर्षं झाली होती, दुकानं उघडली होती. मी नवऱ्याला घेऊन एका दुकानात गेले आणि काळी बिअर मागितली. दुकानदाराने नवऱ्याकडे बघत रमची बाटली पुढे केली. मी म्हटलं, रम नाही, बिअर. त्याने काळ्या काचेच्या बाटलीतली नेहमीचीच पिवळी बिअर काढली आणि म्हणाला, "हे घ्या ना काकू, काळीच तं आहे." शेवटी नागपुरात एक ठिकाण सापडलं. तिथे खरी स्टाउट बनवतात आणि घरी न्यायला मोठ्या बाटलीत भरूनही देतात. ती आणून मी गिलासात ओतली. चव बरी होती, पण ढग नाही, साय नाही. काळं पाणी.

"तोटी नाई ना," नवरा म्हणाला. एखाद्या डॉक्टरने म्हणावं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन आले तर आमचा जुना फ्रिज आडवा पाडलेला, आणि हा त्याच्या दारावर पेन्सिलीने गोल काढतोय. शेजारी ड्रिल मशीन आणि एक नारळ.

"अवो, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"भोक पाडतो. आतमध्ये टाकी राहील, बाहेर तोटी."

"अन नारळ कायले?"

"काम नवीन आहे ना," तो म्हणाला आणि त्याने खरंच नारळ फोडला. बिअरच्या तोटीसाठी नारळ फोडणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा असेल असं मला वाटत नाही. कोणत्या देवाचं नाव घेतलं ते मी विचारलं नाही. देवालाही अवघड झालं असतं.

नागपूरहून बाटल्या भरून आणायच्या तर कायद्याने पिण्याचा परवाना लागतो, तो मी माझ्या नावाने काढला. आपल्या राज्यात हा परवाना प्रकृती राखण्यासाठी मिळतो, हे मला त्यावरचा मजकूर वाचून कळलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काकांचा फोटो द्या." मी म्हटलं, "काकांची प्रकृती उत्तम आहे. माझीच राखायची आहे."

स्टीलची छोटी टाकी मिळाली. गॅसचा प्रश्न होता. शेजारचे एक काका म्हणाले की टायरवाल्याकडे नायट्रोजन मिळतो, भरून आणा. नवरा त्यांच्यावर जो भडकला! "टायरातली हवा बायकोच्या पोटात घालू का?" मग नागपूरच्याच एका गॅसवाल्याकडून खाण्यापिण्यासाठी चालतो तो मिसळलेला गॅस आला, तीन हिस्से नायट्रोजन आणि एक हिस्सा सोड्यातला गॅस. सिलिंडर घरात आला तेव्हा कामवाली बाई दोन दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायला तयार नव्हती.

राहिली तोटी. पहिली आम्ही ऑनलाइन मागवली. फोटोत चकचकीत, हातात घेतली तरी चकचकीत. नवऱ्याने ती बसवली, मी गिलास धरला, त्याने दांडा ओढला. बिअर खाली यायच्या ऐवजी तिरपी आली आणि थेट माझ्या ब्लाउजात गेली. दाब कमी केला तर नुसती धार. कसाबसा अर्धा गिलास जमला, तो प्याले तर तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव. पंधरवड्यात दांड्याजवळचा मुलामा उडाला आणि आतून पिवळं पितळ दिसायला लागलं.

नवऱ्याने ती परत पाठवली नाही. शिकंज्यात धरून करवतीने उभी चिरली. दोन अर्धुकं वर्तमानपत्रावर ठेवली आणि मला बोलावलं. "हे पाय. चकती प्लास्टिकची. एक भोक तं आहेच नाई, नुसता खड्डा पाडून ठेवला. म्हणून तिरपी आली." त्याच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती.

मग आम्ही नागपूरला गेलो. हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या दुकानांची एक गल्ली आहे, तिथे. कढया, भट्ट्या, आइसक्रीमची यंत्रं. नवऱ्याच्या पिशवीत पाना, बॅटरी आणि चष्म्याचं जास्तीचं भिंग. पहिल्या दुकानात मालकाने विचारलं, "काका, बार कुठी आहे तुमचा?"

"बार नाई. बायको आहे," नवरा म्हणाला.

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानंतर मालक फक्त माझ्याशीच बोलायला लागला, ते मला आवडलं.

त्याने तीन तोट्या काढल्या. "तिन्ही स्टीलच्या. एकदम शुद्ध."

नवऱ्याने पाना काढला. मालक म्हणाला, "अरे अरे, खोलू नका." नवरा म्हणाला, "खोलल्याशिवाय कसं समजन? तुम्ही पोरगी पाह्यले गेले तं घरात नाई का जात?" हे ऐकून मी त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर पहिली तोटी खोलून झाली होती. त्याने फिरकीच्या आट्यांची कड बॅटरीच्या उजेडात धरली. वरून चंदेरी, आट्यात पिवळी. "पितळ," तो म्हणाला आणि ती बाजूला ठेवली. दुसरी अख्खी स्टीलची निघाली, पण तिचं तोंड कायमचं जोडलेलं. चकती काढायची सोयच नाही. "हे धुवायची कशी? आतमध्ये बिअर सडन, मंग काय सासरा चाटून साफ करन?" मालक हसला. मी नाही हसले, त्याचा सासरा म्हणजे माझेच बाबा ना.

तिसरी जड होती. तोंड हाताने फिरवून निघत होतं, पाना लागतच नव्हता. चकती स्टीलची. आतली रबरी कडी मऊ, आणि तसल्या दोन जास्तीच्या कड्या पुडीत. दांडा पुढे ओढला की धार, मागे ढकलला की थोडीशीच, फेसाची साय वर चढवायला. नवऱ्याने चकती दोन बोटांत धरली, मागून बॅटरी लावली आणि दुकानाच्या भिंतीकडे प्रकाश टाकला. भिंतीवर पाच ठिपके उमटले. पाचही गोल, पाचही सारखे. दुकानातली दोन गिऱ्हाइकं, मालक आणि मी, सगळे त्या ठिपक्यांकडे बघत होतो. आइसक्रीमचं यंत्र घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "काय सुंदर दिसून राह्यलं हो!"

ती महाग होती. कोणीही न मागता मालकाने पैसे कमी केले, बहुतेक आम्ही लवकर जावं म्हणून.

घरी येऊन नवऱ्याने ती बसवली. स्टाउट टाकीत भरून, गॅस लावून, थंड होऊ दिली, आणि एका संध्याकाळी मला खुर्चीत बसवून पहिला गिलास काढून दिला. ढग खाली उतरले. साय बसली. मी एक घोट घेतला, मग दुसरा. तो पुढे वाकून विचारत होता, "धार सरळ होती ना? सरळ होती ना?" मला त्या वेळी त्याच्या टकलावर पापा घ्यावासा वाटला. घेतलाही. तो म्हणाला, "गिलास सांभाळ."

हे सगळं सुरळीत चाललं होतं तेव्हा बाई आल्या.

बाई म्हणजे माझी मोठी नणंद. धानोऱ्याजवळ त्यांचं गाव, धानाची शेती. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि ती टिकावी म्हणून ज्या बायका रस्त्यावर उतरल्या त्यांत बाई पुढे. गावाबाहेरच्या भट्ट्या त्यांनी स्वतः काठीने फोडल्या आहेत. त्यांचा आवाज ऐकून दारू विकणारे मोटरसायकल टाकून पळाल्याचं मी त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलंय आणि ते खरं असणार. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चंद्रपुरात ठरलं, तेव्हा मुक्काम अर्थातच भावाकडे.

मी घाबरले. मी तोटीवर टॉवेल टाकला. टॉवेल घसरत होता म्हणून वर लोकरीची टोपी चढवली, नातीसाठी विणलेली. फ्रिज एखाद्या सर्दी झालेल्या पाहुण्यासारखा दिसायला लागला. नवऱ्याला दम दिला, काही बोलायचं नाही.

ऑपरेशन झालं. बाई एका डोळ्यावर पट्टी आणि वर काळा चष्मा घालून घरी आल्या, आणि पाणी प्यायला म्हणून सरळ त्या फ्रिजपाशी गेल्या. उरलेल्या एका डोळ्याने त्यांना बरंच दिसत होतं.

"बाबू, हे टोपडं कायले घातलं रे फ्रिजले?"

माझा नवरा खोटं बोलू शकत नाही. त्याने टोपडं काढलं, टॉवेल काढला आणि तोटी खोलूनच दाखवली. चकती, भोकं, दाब, नायट्रोजन, सगळं. बाई ऐकत होत्या. मी ओट्याजवळ उभी राहून नुसतीच कढई घासत होते.

"अन पिते कोण?" बाईंनी विचारलं.

"हे," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. असा नवरा.

बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "किती पिते?"

"एक गिलास. शनिवारी. कधी बुधवारीबी."

"पिऊन काय करते?"

"टीव्ही पाहते. झोप लागते मले तिथीच."

"याले मारत नाई ना?"

मला वाटलं त्या थट्टा करतायत. त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. भाऊजी, म्हणजे बाईंचे यजमान, पिऊनच गेले. जायच्या आधी त्यांनी घरात काय काय केलं ते आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण बाईंचा डावा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नाही.

"नाई हो बाई," मी म्हणाले. "हेच मले बोलतात. गिलास कसा धरतेस म्हणून."

बाईंनी भावाकडे पाहिलं. "आपला बाबा प्यायला बसला की माय ताट घेऊन उभी राहे. अन हा बायकोले गिलास भरून देते, सोता चहा पेते." त्यांनी मान हलवली. ते कौतुक होतं की नापसंती, मला अजून ठरवता आलेलं नाही. "मले आवडलं नाई," त्या म्हणाल्या. "पण तुह्या घरात तू पेते. माह्या गावात आणशील तं काठी आहे."

मी म्हटलं, "नाई आणत."

विषय मिटला असं मला वाटलं. पण बाईंना ती तोटी आवडून गेली होती. येता-जाता दांडा हलवून बघायच्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, "बाबू, मलेबी याच्यातून कायतरी काढून दे. दारू सोडून. मठ्ठा निघन का?"

मी नको म्हणत होते. नवऱ्याच्या डोळ्यांत मात्र ते विमानातलं तेज आलं. त्याने मठ्ठा माझ्या जुन्या सुती साडीतून तीनदा गाळला, दुसऱ्या टाकीत भरला, गॅस लावला. बाई पुढे खुर्ची घेऊन बसल्या. दांडा ओढला. एक थेंब आला, दुसरा आला, आणि बंद. लोण्याने पाचही भोकं बुजवली होती. नवऱ्याने, ज्याने उभी नोकरी दाबाच्या पाइपांमध्ये घालवली त्याने, दाब वाढवला.

नळी क्लिपमधून निसटली. मठ्ठा आढ्यापर्यंत गेला. पंख्यावर गेला आणि पंखा चालू होता. देवघरातले सगळे देव, कॅलेंडर, मी, आणि सगळ्यात जास्त बाई. त्या खुर्चीतच बसून होत्या, चष्म्यावरून मठ्ठा ओघळत होता, आणि हसत होत्या. इतक्या हसत होत्या की खोकला लागला. मी ओरडले, "डोळा! बाईंचा डोळा!"

ऑटोने डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण होता.

"डोळ्यात काय गेलं?"

"मठ्ठा," मी म्हणाले.

"मठ्ठा कसा गेला?"

"प्रेशरनं," नवरा म्हणाला, आणि पुढे आकडाही सांगणार होता, मी त्याचा हात दाबला.

पट्टी घट्ट होती, आत थेंबही गेला नव्हता. डॉक्टरने नवी पट्टी लावली आणि आम्हाला तिघांना आळीपाळीने निरखून पाहिलं. घरी येऊन नवऱ्याने तोटी उघडली. बाई सुई घेऊन चकती साफ करायला बसल्या तसा तो किंचाळला, "सुई नको! भोक मोठं होईन!" मग गरम पाणी आणि खायच्या सोड्यात चकती रात्रभर भिजवली. सकाळी भिंतीवर पुन्हा पाच ठिपके. हाताने खोलता येणारी तोटी घेतली म्हणून निभावलं, नाहीतर मठ्ठ्याचा वास जन्मभर स्टाउटला आला असता.

मग त्याच दुसऱ्या टाकीत कोरा चहा. कडक, थंड, फडक्यातून गाळलेला, थोडा गूळ घातलेला. तो या तोटीतून असा सुरेख निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. तोच ढग, तीच साय, काळा उंच गिलास. बाईंनी चव घेतली. वरच्या ओठावर फेसाची मिशी. "हे होय," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या काळा चष्मा लावून, समोरच्या ओसरीत खुर्ची टाकून, काळा फेसाळ गिलास हातात घेऊन बसायला लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायच्या.

आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की मी बिअर पिते आणि फ्रिजला तोटी आहे. बाईंना ओळखणारेही होते. पुढचं काही कोणाला शिकवावं लागलं नाही, बातमी थेट गडचिरोलीला पोचली.

चारेक दिवसांनी दुपारी फाटक वाजलं. बाहेर तीन बायका. गडचिरोलीहून सकाळच्या एसटीने आलेल्या, पिशव्या घेऊन, घामाघूम. बाईंच्या दारूबंदी मंडळातल्या. "डोळा पाह्यले आलो," सगळ्यात पुढची म्हणाली, पण ती बघत होती फ्रिजकडे.

बाईंना एका क्षणात कळलं. त्या उठल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. "बाबू, चार गिलास काढ."

नवऱ्याने काढले. एक बाईंच्या हातात गेला, तीन काळे, फेसाळ गिलास त्या तीन बायकांपुढे आले. कोणी हात लावेना. फेस हळूहळू बसत होता.

"वास घ्या," बाई म्हणाल्या.

पुढच्या बाईने गिलास उचलून नाकाशी नेला. पुन्हा नेला. "हे तं चहा होय!"

"मंग काय वाटलं तुमाले?" आता बाई उठल्या. "कोणी सांगितलं अन तुम्ही बसमध्ये बसल्या? मले फोन नाई आहे का? मले विचारलं नाई! मी कोन होय तुमची?" आवाज चढला आणि शेवटी फाटला. मी बाईंना ओरडताना अनेकदा पाहिलं होतं, असं दुखावलेलं पहिल्यांदाच. त्या बायका खाली बघत होत्या. एकजण म्हणाली, "चुकलं ना बाई. भेव वाटलं आमाले. तुम्हीच गेल्या तं आमी काय करावं?"

बाई खाली बसल्या. चष्मा काढला, नुसता एक डोळा पदराने पुसला. मग त्यांनी, बहुधा माझ्या बिअरपायी हे झालं याचा सूड म्हणून, माझ्याकडे हात केला. "पेणारी इथी एकच आहे. थे. तिले विचारा काय विचाराचं थे."

तिन्ही बायका माझ्याकडे वळल्या. पोस्टाच्या काउंटरवर मी आयुष्यभर लोकांच्या नजरा झेलल्या, अशा नाही. मी म्हणाले, "हाव. मी पिते."

"अन हे भाऊ काई म्हणत नाई?" एकीने नवऱ्याकडे बघून विचारलं.

नवरा पाना पुसत उभा होता. "म्हणतो ना. रोज म्हणतो. गिलास वाकडा धर म्हणतो, सरळ धरते."

आधी बाई हसल्या. मग पुढची हसली, मग दुसरी. गिलास रिकामे झाले, पुन्हा भरले. आमच्या स्वयंपाकघरात दारूबंदीच्या बायका तोटीचा दांडा आळीपाळीने ओढत होत्या आणि नवरा त्यांना पाच भोकांचं शास्त्र सांगत होता. इरई धरणानंतर त्याला एवढे श्रोते मिळाले नव्हते.

तिसरी बाई मात्र हसली नाही. तिने चहालाही हात लावला नाही, दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. नंतर बाईंनी मला सांगितलं की तिचा तरणा पोरगा गेला, चोरून आलेल्या विषारी दारूने. मी तिच्यापुढे साधं पाणी नेऊन ठेवलं, नेहमीच्या लोट्यात. ते ती प्याली. माझ्याशी बोलली नाही. रिकामा लोटा मी तिच्या हातातून घेतला.

पाचच्या बसला त्या गेल्या. बाई त्यांना स्टँडवर सोडायला निघाल्या, चष्मा लावून, आणि जाताना माझ्यावर ओरडून गेल्या की पंख्यावर अजून मठ्ठा आहे.

शनिवार होता. मी प्यायले का त्या संध्याकाळी? प्यायले. थोडा वेळ हात तोटीपर्यंत जाईना, हे खरं. मग नवऱ्यानेच नळी माझ्या टाकीला जोडून गिलास काढून दिला. बाई परत येऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या, हातात कोरा चहा. दोन्ही गिलास अगदी सारखे दिसत होते, म्हणून त्यांनी आपल्या गिलासाला आधीच रबर बँड लावून ठेवला होता.

"आवाज वाढव टीव्हीचा," त्या म्हणाल्या. "मले आता दिसते चांगलं, पण आयकू येत नाई."